ठेका कोण धरतंय?

आपल्या स्मरणिकेसाठी आजवर मी जे काही लिहिले, ते लसीकरण, बालदमा आणि परीक्षेच्या दिवसांतली पोटदुखी या चौकटीत बसणारे होते. यंदा संपादकांनी ‘वैद्यकाबाहेरचे काहीतरी द्या’ असा आग्रह धरला आणि मला आमच्या जेवणाच्या टेबलावर रंगलेला एक वाद आठवला. वादाचा विषय असा : रॉक आणि मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकारांत सर्वश्रेष्ठ ऱ्हिदम गिटारवादक कोण? एवढे वाचून ज्येष्ठ सभासदांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. या वादाचा निकाल, निदान माझ्यापुरता, सूरसागराच्या काठी शिकलेल्या एका हौशी तबलजीने लावला. ते माझे वडील. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू.

१८ नोव्हेंबर २०१७ रोजी एसी-डीसी या ऑस्ट्रेलियन बँडचा संस्थापक माल्कम यंग वयाच्या ६४ व्या वर्षी निवर्तला. आमचे चिरंजीव तेव्हा अकरावीत होते आणि मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवत. मुख्य गिटार, म्हणजे ज्याला एकल वादनाची संधी मिळते ती, दुसऱ्याकडे होती. यांच्याकडे ‘नुसता ऱ्हिदम’ आला होता आणि त्याचे शल्य मनात होते. त्या रात्री त्यांचा एक मित्र जेवायला आला होता. मित्र म्हणे, माल्कमसारखा ऱ्हिदमवाला झाला नाही. चिरंजीवांचा कौल मेटालिका या अमेरिकन बँडच्या जेम्स हेटफिल्डला. आवाज चढू लागले तेव्हा अण्णांनी भाताचा घास थांबवून विचारले, “हे दोघे वाजवतात म्हणजे नेमकं काय करतात? साथ?”

“साथ नाही हो आजोबा, ऱ्हिदम!”

जेवणे झाल्यावर नातवाने त्यांच्या कानांना हेडफोन लावला आणि एसी-डीसीचे एक गाणे ऐकवले. अण्णांनी डोळे मिटून ते सबंध ऐकले. नातू उत्साहाने सांगत होता की यात अँगस यंग, माल्कमचा धाकटा भाऊ, शाळेचा गणवेश घालून मंचभर धावत वाजवतो. अण्णा म्हणाले, “धावणाऱ्याचं मला सांगू नकोस. मागे ठेका कोण धरतंय? तो मनुष्य तयार आहे. जागचा हलत नाही.”

ज्यांचा या संगीताशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. रॉक बँडमध्ये बहुधा दोन गिटारी असतात. एक ‘लीड’, जी सुरावट आणि ताना घेते. दुसरी ‘ऱ्हिदम’, जी स्वरसमूहांचे आघात ठरावीक लयीत देत राहते. ड्रमवाला काळ मोजतो, लीड आणि गायक त्या काळात विहार करतात, आणि या दोहोंना सांधण्याचे काम ऱ्हिदम गिटारकडे असते. तिच्यात स्वरही आहे आणि आघातही. आपल्याकडच्या तबल्याचा ठेका आणि तंबोऱ्याचा आधारस्वर ही दोन्ही कामे एकाच वाद्याने केली तर जे होईल, ते साधारणपणे हे होय.

तंबोऱ्याचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. मेटल संगीतात ज्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात, त्यात षड्ज आणि पंचम एवढेच स्वर असतात. फार तर वरचा षड्ज. गंधार मुद्दाम वगळलेला असतो. विजेच्या गिटारचा ध्वनी अॅम्प्लिफायरमधून फाटेस्तोवर वाढवला की प्रत्येक स्वराबरोबर उपस्वरांची दाटी होते. त्या दाटीत गंधार मिसळला तर चिखल होतो. सा आणि प मात्र एकमेकांत बसतात आणि भरीव ऐकू येतात. पंचमाच्या तंबोऱ्यात आपण जी जोडी शेकडो वर्षे छेडत आलो, तीच बर्मिंगहॅम आणि लॉस एंजेलिसच्या पोरांनी कानठळ्या बसवणाऱ्या यंत्रातून काढली. तसेच खुल्या आणि बंद बोलांचे. उजव्या तळहाताची कड तारांच्या बुडाशी टेकवून आघात केला की आवाज दबतो, उचलून केला की मोकळा होतो. तबल्यावर ‘धा’ आणि ‘कत्’ यांत जो फरक, तोच येथे. हे अण्णांनी पाच मिनिटांत ओळखले. मला चिरंजीवांनी दोन वेळा समजावून सांगावे लागले.

अण्णांना ते ओळखता आले यात त्यांच्या कानाइतकेच या गावाचे श्रेय आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली. आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌सची विद्याशाखा म्हणून आपण जी ओळखतो ती तीच. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने येथेच भरली. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ दरबार गायक म्हणून येथे राहिले आणि १९५० मध्ये येथेच वारले. पण गवयांची नावे सांगताना आपण तबलजींना विसरतो. अजराडा घराण्याच्या हबीबुद्दीन खाँसाहेबांचे शिष्य प्रा. सुधीरकुमार सक्सेना यांनी याच संगीत महाविद्यालयात अनेक दशके तबला शिकवला आणि २००७ साली त्यांचे निधन झाले. आडीच्या लयीसाठी आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी हे घराणे प्रसिद्ध. अण्णा रेल्वेत नोकरीला होते. संध्याकाळी सायकल मारत सूरसागरापर्यंत जायचे, तबल्याचा वर्ग करायचे आणि सक्सेनासाहेबांचे वादन कोठे असले की मागच्या रांगेत बसून ऐकायचे. स्वतः त्यांनी चाळीस वर्षे गणेशोत्सवांत, भजनी मंडळांत, हौशी नाट्यपदांच्या कार्यक्रमांत साथ केली. एका संस्थेच्या निमंत्रणपत्रिकेवर गायिकेचे नाव ठळक अक्षरांत होते आणि खाली ‘साथसंगत : स्थानिक कलाकार’ असे छापले होते. ते स्थानिक कलाकार म्हणजे अण्णा. ती पत्रिका त्यांनी जपून ठेवली होती. का, ते कधी सांगितले नाही.

दांडिया बाजारातल्या त्यांच्या मित्रमंडळींतही एक वाद वर्षानुवर्षे चाले : सर्वश्रेष्ठ साथीदार कोण? एका पक्षाचे दैवत अहमदजान थिरकवा. खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत होते आणि बालगंधर्वांच्या पदांना त्यांनी केलेल्या साथीच्या आठवणी मराठी माणूस अजूनही काढतो. या मंडळीलाही सयाजीराव महाराजांचा आश्रय होता; त्यामुळे बडोदेकरांना थिरकवांविषयी जरा घरचा अभिमान. एकल वादनाचा बादशहा नटाच्या पदामागे बसून चारच बोल मोजून वाजवतो, हा संयम थोर असे त्यांचे म्हणणे. अण्णांचा पक्ष वसंतराव आचरेकरांचा. कुमार गंधर्वांच्या गाण्यात लयीचे ताण फार सूक्ष्म असत. अशा गवयामागे स्वच्छ, वजनदार ठेका धरून बसणे आणि आपली तयारी दाखवण्याचा मोह आवर्तनागणिक आवरणे, ही अण्णांच्या मते थिरकवांच्या लग्गीपेक्षा अवघड गोष्ट होती.

अवघड कशी, हे त्यांनी मला लहानपणी घड्याळ लावून दाखवले होते. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा. अतिविलंबित लयीत एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते आणि एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालते. एवढ्या अंतरात गवई कुठेही भटकेल. परत येताना त्याला वाट दिसली पाहिजे. चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर ‘तिरकिट’ पडले की त्याला कळते, आपण कुठे आहोत. तबलजी दोन आवर्तनांत थोडासाच पुढे सरकला तरी दहाव्या मिनिटाला बंदिश धावू लागते आणि दोष गवयाच्या माथी येतो. मनुष्याचे घड्याळ धावण्याकडे झुकते. उत्साह वाढला, टाळ्या पडल्या, की हात पुढे पळतो. अण्णा शिकवणीच्या मुलांना सर्वांत जास्त वेळा जो शब्द बोलले तो ‘धावू नको’ हाच. नवरात्रीत आपल्या गावात हजारो माणसे तासन्‌तास एकाच वर्तुळात फिरतात, तेव्हा मी गायकाकडे न पाहता ढोलवाल्याकडे पाहत उभा राहतो, ती सवय तेव्हापासूनची.

आता हेटफिल्डकडे वळतो, कारण चिरंजीवांच्या पक्षात तथ्य होते. मेटालिकाचे ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे १९८६ चे गाणे आठ मिनिटांहून मोठे आहे आणि त्याची गती मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांची. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नवजात अर्भकाची नाडी १२० ते १६० असते आणि ती २२० च्या वर गेली की आपण एसव्हीटीच्या शंकेने ईसीजी मागवतो. हे गाणे त्या उंबरठ्यावर चालते. शिवाय प्रत्येक ठोक्यात दोन आघात, म्हणजे सेकंदाला सुमारे सात. गिटारवादक असे वेगवान आघात सामान्यतः खालीवर, खालीवर करून काढतात. श्रम निम्मे होतात. हेटफिल्ड ते सगळे वरून खालीच मारतो. खालच्या आघाताला वजन अधिक असते आणि सगळे आघात एकसारखे पडतात, म्हणून हा अट्टहास. मनगट आणि कोपरापासूनचे स्नायू यात काय भोगतात, ते आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांनी सांगावे. आणि हे करताना तो गातोही. ८ ऑगस्ट १९९२ रोजी माँट्रियल येथे मंचावरच्या आतषबाजीत त्याचा डावा हात गंभीर भाजला. काही आठवड्यांतच तो परतला, पण फक्त गाण्यासाठी. गिटार दुसऱ्याने सांभाळली. गायकाला पर्याय नव्हता आणि गिटारला होता, असा याचा अर्थ चिरंजीवांच्या मित्राने लावला. युक्तिवाद चलाख होता, पण मला तो पटला नाही. जखमी सर्जनच्या जागी दुसरा उभा राहिला म्हणून पहिल्याचे कौशल्य कमी ठरत नाही.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण ‘केस’ मात्र टोनी आयोमीची. जन्म १९४८, बर्मिंगहॅम. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची, मध्यमा आणि अनामिका यांची, टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात हाच. वादन संपल्यातच जमा होते. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. या जिप्सी वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत निकामी झाली होती आणि तरी तो युरोपातला अग्रगण्य जॅझ गिटारवादक ठरला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या घडवल्या, त्यांवर चामडे चिकटवले. टोपीखाली तार जाणवत नाही, म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे ताण आणखी कमी व्हावा म्हणून गिटार तीन अर्धस्वर, आपल्या भाषेत तीन पट्ट्या, खाली उतरवली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या तबकडीवरचा तो खर्जातला, जड आवाज पुढे मेटल संगीताचीच ओळख बनला. एका स्वयंनिर्मित कृत्रिम अवयवातून एक अख्खा संगीतप्रकार आकाराला यावा, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. तथापि ब्लॅक सॅबाथमध्ये गिटार एकच होती. लीड आणि ऱ्हिदम दोन्ही आयोमीच. साथीदारांच्या स्पर्धेत त्याला बसवावे की नाही, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सचे नाव न घेता पुढे गेलो तर माझ्या पिढीचे मित्र रागावतील. त्याने सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच सा-प-सा-ग-प अशा लावल्या. सतारियाला हे ऐकून नवल वाटणार नाही. रॉकच्या आधीचा फ्रेडी ग्रीनही असाच : काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो मात्रेला एक आघात देत बसला आणि एकल वादन जवळजवळ केलेच नाही. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात भानु गुप्ता वर्षानुवर्षे ऱ्हिदम गिटार वाजवत. त्या गाण्यांवर आपण तरुणपणी ठेका धरला, पण तो ठेका देणाऱ्याचे नाव कितीजणांना ठाऊक होते?

येथे एक वैद्यकीय सूचना. मुलांच्या तालमीच्या खोलीत ध्वनिपातळी सहज १०० डेसिबलच्या वर जाते. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले, तर १०० डेसिबलला मर्यादा फक्त पंधरा मिनिटांची आहे. २०१६ मध्ये एसी-डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला कायमच्या बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा सोडावा लागला. मी चिरंजीवांना कानात घालायची बोंडे घेऊन दिली आहेत आणि ती वापरली जातात की नाही, यावर लक्ष ठेवतो.

माझा स्वतःचा कौल माल्कमला, आणि तो का, ते सांगतो. स्कॉटलंडात जन्मलेला हा मुलगा १९६३ मध्ये कुटुंबासह सिडनीला आला. दहा वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याने बँड काढला आणि पुढे असे ठरले की लीड धाकटा भाऊ वाजवील. मंचावर माल्कम ड्रमच्या बाजूला, आपल्या अॅम्प्लिफायरपाशी उभा राही. कोरसच्या ओळी म्हणायला तेवढा पुढे येई आणि पुन्हा मागे जाई. त्याने जाड तारा लावल्या आणि आवाज फारसा फाटू दिला नाही. फाटलेल्या आवाजात चुका लपतात. स्वच्छ आवाजात आघात एक केसभर मागेपुढे झाला तरी ऐकू येतो. १९८० च्या ‘बॅक इन ब्लॅक’ची सुरुवात ऐकावी. तीन कॉर्ड आणि मध्ये मोकळ्या जागा. त्या मोकळ्या जागांत काहीही न वाजवता लय चालू राहते. आपल्या तीनतालात खालीच्या भागात डग्गा गप्प होतो आणि त्या गप्प होण्यानेच श्रोत्याला आवर्तनाचा मध्य कळतो, तसे हे. हेटफिल्डचा हात ऐकताना आपण थक्क होतो. माल्कमचा हात ऐकताना आपण त्याला विसरतो आणि पाय मात्र हलत असतो. आपल्या मंडळातले एक भूलतज्ज्ञ मित्र हे ऐकून म्हणाले, “म्हणजे आमच्यासारखाच. शस्त्रक्रियेनंतर पेढे सर्जनला.”

माल्कमचा शेवट मला नंतर अधिक जवळून समजला. त्याला डिमेन्शिया झाला होता. २००८ ते २०१० च्या जगदौऱ्यात त्याला स्वतःच रचलेल्या चाली पुन्हा पाठ कराव्या लागत, असे त्याच्या भावाने सांगितले आहे. २०१४ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग आला. सवयीची, हातांची स्मृती मेंदूत वेगळ्या ठिकाणी, बेसल गँग्लिया आणि अनुमस्तिष्कात, वसते आणि ती उशिरापर्यंत टिकते, असे आपण शिकलो. ते ढोबळमानाने खरे आहे. पण ‘संगीत शेवटपर्यंत राहते’ असे आपण नातेवाइकांना सहज सांगतो, ते प्रत्येकाच्या बाबतीत खरे ठरत नाही.

२०२० मध्ये अण्णांना अल्झायमरचे निदान झाले. आधी पैशांचे हिशेब गेले, मग नावे, मग बटणे लावणे. बालरोगतज्ज्ञाला हा क्रम ओळखीचा वाटतो. विकासाचे जे टप्पे मी रोज चढताना पाहतो, ते घरी एकेक करून उतरताना पाहत होतो. तबला पुढे ठेवला तर ते काही वेळ वाजवीत. झुमरा गेला, झपताल गेला, विलंबित एकतालात चौथ्या मात्रेच्या पुढे वाट सापडेना. मध्यलयीचा तीनताल राहिला. मग तबल्यापुढे बसणेही थांबले.

२०२२ च्या दिवाळीत चिरंजीव इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी आले होते. अण्णांच्या खोलीत, पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून ते साधी गिटार वाजवत होते. माल्कमचीच कुठली तरी चाल, चार-चार मात्रांची. अण्णांनी कित्येक दिवसांत नातवाला नावाने हाक मारली नव्हती. त्यांचे डोळे खिडकीकडे होते. मी औषधे घेऊन आत आलो तेव्हा त्यांचा उजवा हात चादरीवर पडत होता. एक, पाच, आणि मग नवव्या मात्रेला तळवा उलटून हवेत. तेराव्याला पुन्हा चादरीवर. गिटारच्या चार चौकड्यांना त्यांनी सोळा मात्रांत बांधले होते.

“बाबा, हे काय करतायत?” चिरंजीवांनी न थांबता विचारले.

“खाली दाखवतायत. नववी मात्रा.”

उत्साहात लय थोडी चढली असावी. अण्णांनी मान वळवली नाही, पण स्पष्ट शब्दांत म्हणाले, “धावू नको.”

नातवाने लय उतरवली. त्यानंतर तो बराच वेळ तीच तीन कॉर्ड वाजवत राहिला, आणि आजोबांचा तळवा प्रत्येक नवव्या मात्रेला उलटत राहिला. मध्ये कधीतरी सुरावट घेण्याची इच्छा झाली असेल. त्याने ती घेतली नाही.